मडक्यातली ठिपकेवाली

ऊर्जानगर, ९ जानेवारी २०२५

ती. कुंताबाईस स्वप्निलचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुह्या शाळेवर फोन लागत नाई, म्हणून पत्र आणि छापलेले फोटो एटापल्लीच्या बसवाल्याजवळ देऊन राह्यलो. लकवा झाल्यापासून बाबांचं बोलणं बंद ते बंदच, पण डावा हात चांगला चालते. दिवसभर माह्या काचेच्या टाकीसमोर बसतात. तुही भावजय मोनाली म्हणते, टीव्हीपेक्षा बरं.

त्याच टाकीनं डोकं खाल्लं आहे. नागपूरहून बोटाएवढे दोन मासे आणले, तोंड मरळीसारखं लांब. दुकानदार म्हणाला बुटके पाइक सिक्लिड, पण नेमकी जात त्याले सांगता आली नाई. एक मोठा, साधा. दुसरा लहान, पाठीच्या पंखावर काळा ठिपका. मले वाटते, दोन वेगळ्या जाती एकत्र आल्या. लहाना आडव्या मडक्यात ठाण मांडून बसला, मोठ्यानं तोंड दाखवलं की धावून जाते. त्याची शेपटी फाडली. रविवारी ठिपकेवाल्याले गावच्या तलावात सोडून येतो. तू प्राणीशास्त्र शिकली, जात सांग.

माया आहे तशी राहू दे.
तुहा भाऊ, स्वप्निल

एटापल्ली, ११ जानेवारी

चि. स्वप्निल यास अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. माशांपेक्षा तुझा अंगठाच स्पष्ट आला आहे. आधी एक ऐक, तलावात सोडायचं मनातही आणू नकोस. हा मासा दक्षिण अमेरिकेतला, दुसऱ्यांची पिल्लं खाणारा. वारलूकाकाचं घर त्या तलावाच्या मासळीवर चालतं. मारामारी थांबली नाही तर मध्ये जाळी लाव.

आणि दोन जाती असतीलच असं नाही. यांच्यात पुष्कळदा मादीलाच ठिपका असतो. त्याला पांढरी कड आहे का आणि तिचं पोट गुलाबी झालंय का, ते बघ. मोठ्याच्या पाठीच्या पंखाचे पुढचे काटे दोऱ्यासारखे लांब असतील तर जात निराळी. नसतील तर दोघंही बहुतेक रेगानी जातीचे.

बाबांशी बोलत जा रे, उत्तर आलं नाही तरी. मोनालीला आशीर्वाद. मला विसरू नका.
तुझी, कुंता

ऊर्जानगर, २३ जानेवारी

ती. कुंताबाईस सा. नमस्कार.

तुहं पत्र उशिरा भेटलं, रविवार होऊन गेला होता. पण मासा घरीच आहे. कसा राह्यला ते सांगतो.

रविवारी डबा घेतला, बाबांना सांगितलं याले तलावात नेतो, आणि मडकं उचलाले टाकीत हात घातला. बाबांनी डाव्या हातानं माहं मनगट धरलं. मी सोडवून राह्यलो, तर म्हणाले, “राहू दे.”

साफ बोलले, बाई. मोनाली कणकेच्या हातानं धावत आली. मी खालीच बसलो, पाणी कोपरावरून गळून राह्यलं होतं. बाबा मडक्याकडे बोट दाखवत होते. टॉर्च मारला तर आतून वरच्या अंगाले अंडी चिकटलेली. ते रोज पाहत होते, मले दिसलं नाई.

मग तुहं पत्र आलं. ठिपक्याले पांढरी कड आहे, पोट गुलाबी, मोठ्याले दोरे नाईत. म्हणजे जात एकच, रेगानी. ती आपली अंडी राखत होती. आता पिल्लं मडक्याबाहेर तिच्यामागं फिरतात आणि मोठाही बाहेर पहारा देते.

डॉक्टर म्हणाले, रोज बोलतं करा, अजून शब्द येतील. काल बाबांनी दाराकडे पाहून विचारलं, “कुंता कुठी?” मी म्हटलं, येऊन राह्यली. आता मले खोटं पाडू नको.

वाट पाहणारा,
स्वप्निल