मावशींचा डबा

६ जानेवारी
अमेरिकेत, नोव्हायला येऊन तीन आठवडे झाले. विनय सातलाच ऑफिसला जातो. माझ्या व्हिसावर नोकरी चालत नाही. आज इथल्या मराठी मंडळाच्या शोभनाकाकूंकडे व्हॉलंटिअर म्हणून नाव दिलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज दुपारी डबा पोचवायचा, आदल्या दिवशीचा परत आणायचा. काकू म्हणाल्या, घरात बसून डोकं फिरेल, त्यापेक्षा हे बरं. फॉर्मवर मुलं किती, असंही होतं. लिहिलं, एक, नीना, वय चार. बर्फसुद्धा आता आवडायला लागलाय.

८ जानेवारी
माझ्या वाट्याला एकच घर. पद्मिनीमावशी, ऐंशीच्या पुढच्या. दार चार बोटं उघडतं, हात बाहेर येतो. कालचा डबा त्यांनी घासून परत दिला, आत मूठभर साखर. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांनी इथेही सोडलेलं नाही. मी म्हटलं, कशाला मावशी, राहू द्या. म्हणाल्या, तुला नको तर लेकीला. तिचं नाव विचारलं. मी सांगितलं.

१३ जानेवारी
डब्यात गुलाबी क्लिप. सकाळी नीनाच्या केसांत मीच लावलेली. दुकानात तशा शंभर मिळतात.
नीना प्रीस्कूलमधून आली. केस मोकळे.

१५ जानेवारी
डबा दिला. परत आलेल्या डब्यात दुधाचा दात. मुळाशी रक्त, ओलं.
नीनाला तोंड उघडायला लावलं. खालचा एक नाही. दुखलं नाही म्हणते.
काकूंना फोन केला. दचकल्या नाहीत. म्हणाल्या, एका वर्षी डबा बंद केला, तर मंडळातली दोन मुलं गेली. तेव्हापासून ते घर नवीन येणाऱ्यांना देतो. आमची पोरं आता कॉलेजात आहेत. तुला सोडायचं असेल तर दुसरी आण, मूल असलेली. आवाज नेहमीसारखाच, मायेचा.

१६ जानेवारी
सुवर्णा. नागपूरची, रविवारीच आली. मुलगा अनीश, दोन वर्षांचा. तिला म्हटलं, मावशी फार गोड आहेत. म्हणाली, बरं झालं यार, मी घरात बोअरच होत होते. मिठी मारली. मी पत्ता पाठवला.
नीनाचे दात मोजले. एकोणीस.

१७ जानेवारी, दुपार
नीनाला आज घरीच ठेवलं. वर खेळतेय.
सुवर्णाचा फोन. मावशींनी अनीशसाठी साखर दिली, नाव विचारलं.
मग म्हणाली, तुझा परवाचा डबा राहिला होता ना, तो त्यांनी दिलाय. रिकामा कसा पाठवू म्हणाल्या. तुझ्या दारात ठेवलाय. केवढा जड आहे गं —

आत आणला. खालून कोमट.
वर आवाज नाही. हाक मारली. दोनदा —

उघडला नाही तोवर काही झालेलं नाही. आधी वर जाऊन — नाही, आधी झाकण — नाही, आधी