अप्पांचं चतकोर बोलणं

ता. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अप्पा बरे, भट्टी चालू, मीही चालूच. एक ठरवलंय ते आधी तुला कळवतो. अप्पांचे बोलण्याचे धडे या महिनाअखेरीस बंद करतोय.

रागावू नकोस. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली तेव्हा आपण किती आशा धरली होती! पण काल धडे देणाऱ्या बाईंनी भिंतीवर दोन वर्तुळं शेजारी शेजारी लावली. अप्पा दिवसभरात जे जे सांगू बघतात त्याचे भाग पाडलेत: तोंडाने सांगितलं ते तांबडं, हाताने खुणावलं ते पिवळं, नुसतं डोळ्यांनी ते निळं. पहिल्या महिन्यात तांबडं अर्धं होतं. आता चतकोर उरलंय. बाई हसत होत्या, मला मात्र बघवेना. मी रोज केक कापतो, ताई. अर्ध्याचं चतकोर झालं म्हणजे काय झालं, ते मला कोणी शिकवायला नको. धड्यांवरून ते दमून रडवेले होऊन येतात. आता त्यांना निवांत बसू दे.

धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ

ता. ९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाईंना काही बोलला असशील तर आधी जाऊन शब्द मागे घे. वर्गात पोरांना हेच शिकवून माझा घसा बसतो, आणि सख्खा भाऊ नेमका तिथेच घसरतो! तुझे साचे सगळे एका मापाचे, म्हणून चतकोर नेहमी अर्ध्याहून लहान. या वर्तुळांचं तसं नसतं. ती वाटणी दाखवतात, एकूण किती ते नाही. एकूण आकडा बहुतेक खाली बारीक अक्षरात असतो. तो दोन्हीकडे बघ आणि मग चतकोर कशाचं ते सांग. कदाचित माझंच चुकत असेल. पण बघितल्याशिवाय अप्पांचं तोंड बंद करू नकोस.

कान उपटला तरी आशीर्वाद तेवढेच,

ताई

ता. १५ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

गेलो, चष्मा लावून बघितलं. पहिल्या वर्तुळाखाली दिवसभरातले सांगण्याचे प्रयत्न चोवीस, दुसऱ्याखाली तीनशे वीस. तेव्हाचं अर्धं म्हणजे बारा, त्यातही बरेचसे ‘नको’. आताचं चतकोर म्हणजे ऐंशी!

भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा आपला बाप आता दिवसातून तीनशेवर वेळा काहीतरी सांगायला येतो. खिडकी दाखवतात, भुवया उडवतात, माझ्या पोटाकडे बोट करून चिडवतातसुद्धा. आणि मी आपला दमले दमले म्हणत बसलो.

बाईंकडून मापं समजून घेतली आणि घरी ओट्यावर पीठ भुरभुरून दोन्ही वर्तुळं काढली, जेवढं एकूण तेवढी जागा. ताई, आजचं नुसतं चतकोर तेव्हाच्या अख्ख्या वर्तुळाच्या तिपटीहून मोठं निघालं. केवढं साठलं होतं गं त्यांच्या आत!

तेवढ्यात अप्पा काठी टेकत आले. मी सांगितलं की हे तुमचं बोलणं आहे. त्यांनी लहान वर्तुळ बघितलं, मोठं बघितलं. मग मोठ्याच्या कडेवर बोट ठेवलं, ते पिठातून ओढत ओट्याच्या पार टोकापर्यंत नेलं, आणि स्वच्छ म्हणाले, “आणखी.”

धडे चालू आहेत. माझ्यावर अशीच डाफरत राहा.

तुझा धाकटा