दही आणायचा सीन

ती. हिंदुरावमामांस,

अंबरनाथ पूर्वेहून भाचा प्रज्वलचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामीची शुगर आणि चाळीतला कांदा, तिघेही धरून असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक, म्हणजे माझ्यावर नजर ठेवून ठेवून दमलेले. (पत्र पाहून दचकू नका. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून माझा फोन आईच्या पर्समध्ये राहतो, आणि बाबांच्या फोनवरून बोलायचं तर ते स्पीकर लावून समोर बसतात.)

रविवारी घरच्यांनी मला सिनेमाला नेलं. एक पोरगा नशेपायी वाया जातो आणि शेवटी सुधारून मोठा होतो असा सिनेमा लागलाय, हे गोदूआत्याला व्हॉट्सॲपवर कळलं. झालं! दोन रिक्षा करून आम्ही बदलापूरच्या थिएटरात. मला मधे बसवलं, एका बाजूला आई-बाबा, दुसऱ्या बाजूला आत्या आणि धाकटी बहीण शलाका; बोहल्यावरच्या नवऱ्यालाही इतका बंदोबस्त नसतो. हिरोने पहिली सिगारेट पेटवली आणि चार माना माझ्याकडे वळल्या. त्याने सुई काढली तेव्हा आत्याने मोठ्यांदा विचारलं, "असंच करतात का रे?" मग पुढच्या रांगेतल्याही माना वळल्या. मामा, मी सुई जन्मात धरली नाही. माझं सगळं गोळ्यांवर आणि खोकल्याच्या बाटल्यांवर चालायचं. हे मी कुजबुजत सांगितलं, तर आत्याचा चेहराच पडला. (बहुतेक तिला वाटलं, आपण चुकीच्या सिनेमाला आलो.)

इंटरव्हलला बाबा टॉयलेटमध्येही सोबत आले आणि माझ्या पाठीमागे उभे राहिले. एक जण म्हणाला, "काका, पुढे जा ना, जागा खाली आहे." बाबा म्हणाले, "मला नाही लागली, मी ह्याच्यासाठी उभा आहे." तो माणूस बिचारा तसाच परत गेला.

हिरोचं केंद्र मात्र झकास होतं. बाग काय, गिटार काय, समजूतदार डॉक्टरीणबाई काय! एका गाण्यात गडी बरा झाला. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात मी भिंतीवर डोकं आपटत होतो आणि शेजारच्या खाटेवरचे काका मला शिव्या घालत माझी ओकारी पुसत होते. त्यावर गाणं कोण लिहिणार?

शेवटी हिरो आईच्या गळ्यात पडला. अख्खं थिएटर रडलं. आमचे चौघे माझ्याकडे बघत बघत रडले. मला काही केल्या रडू येईना. रिक्षात बसायच्या आतच आत्याने निकाल दिला, "दगड आहे हा, दगड."

पण मामा, मी रडलो होतो. त्याच्या बऱ्याच आधी एक बारकासा सीन आहे. हिरोची आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "जा रे, दही घेऊन ये," आणि वळूनसुद्धा बघत नाही. तो जातो, दही आणतो. बस, एवढंच. मला हुंदका आवरेना. नेमकं तेव्हाच आमच्याकडे पॉपकॉर्न सांडलं होतं आणि चौघेही खाली वाकून तेच गोळा करत होते. आमच्या घरी दही आता शलाका आणते. मी चप्पल पायात घातली की आई विचारते, कुठे निघालास? मी कुठेच निघालेलो नसतो. फार वाईट वाटतं, मामा. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही, म्हणून जास्तच वाटतं.

असो. मामीला नमस्कार सांगा.

तुमचा,
प्रज्वल

ता. क. खरं काम राहिलंच. बाबांना फोन करून सांगा, कांदा निवडायला माणूस कमी पडतोय, प्रज्वलला ओतूरला धाडा, आणि एकट्यालाच धाडा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. एकदा तरी मला एकट्याने कुठेतरी निघून तिथे नीट पोचायचंय.

आणखी एक ता. क. ओतूरची एसटी धरायला कल्याणला जावं लागतं, आणि लोकल त्याआधी उल्हासनगरला थांबते. माझी जुनी मंडळी तिथे स्टेशनबाहेरच उभी असतात. तेव्हा तुम्ही गुपचूप अंबरनाथच्या फलाटावर येऊन लोकलमध्ये माझ्या शेजारी बसाल का? उल्हासनगर जाईपर्यंत हात धरून ठेवलात तरी चालेल. घरी मात्र मी एकटाच आलो असं सांगा.