खांदा दुखावा म्हणून

अखंडलेखनश्रमविभूषित, सकलमायनाविशारद, बोरूबहाद्दर, वरणात मीठ कमी पडल्यास मौनव्रतधारी, उभयपक्षी पदवीप्रदानदक्ष, सांप्रत स्वर्गस्थ (नक्की कोणत्या दालनात, याचा अधिकृत खुलासा अप्राप्त) असे जे आमचे वडील, त्यांच्या चरणांपाशी देवासनिवासी एका संस्कृत-शिक्षकाचा दंडवत.

अण्णा, मायना लांबला हे मला ठाऊक आहे. धारच्या दरबारी दफ्तरात तुमचे अवघे आयुष्य दुसऱ्यांच्या पदव्या यथाक्रम मांडण्यात गेले. एकदा तुमच्या बैठकीशी बसून मी विचारले होते, की एका सामान्य जहागीरदाराला एवढी बिरुदे कशासाठी. बोरू न थांबवता तुम्ही म्हणालात, "ज्याच्याकडून काही हवं असतं, त्याचा मायना लांब." पुढे राज्येच विलीन झाली. ते पाहण्यापूर्वी तुम्ही गेलात, हे तुमच्या शिस्तीला धरूनच झाले.

तुमच्या सूनबाईला आणि मला अपत्य नाही. तुमच्या हयातीत या विषयावर घरात फक्त नवस बोलले जात. माणसे बोलत नसत. येथील टेकडीवरच्या देवीपासून धरमपुरीच्या नर्मदेपर्यंत सर्वत्र ओटी भरून झाली. यंदा सूनबाईनेच विषय काढला. म्हणाली, "अहो, देवीला सांगून झालं. आता डॉक्टरणीला सांगू."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना धाकट्या पातीत आहे. तुम्हाला स्मरत असेल, देवासात रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचे राज्य होते, दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचे. राज्ये दोन्ही गेली. रुसवे शाबूत आहेत. मी थोरल्या पातीचा रहिवासी. दवाखान्यात पत्नीला पुढे करून मी परंपरेनुसार मागे उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "मास्टरसाब, पहले आपकी जाँच होगी." समस्त पुरुषजातीच्या वतीने मी खाली बसलो.

दुसऱ्या सकाळी एक इवलीशी बाटली, तीत वंशाचे संभाव्य भवितव्य, उभी आणि अंगाच्या उबेत राखून सत्वर पोचवायची होती. थंडी कडाक्याची. कनवटीला बाटली आडवी होईल, खिशात गार पडेल. अखेर तुमच्या पगडीचे अस्तर उसवून मी ती आत उभी बसवली आणि पगडी मस्तकी धारण केली. आपल्या कुळाने डोक्यावरून याहून मोलाचे काही वाहिले नसावे.

रस्ता ओलांडताच धाकट्या पातीचा एक वृद्ध चोपदार उन्हाला बसलेला दिसला. पगडी पाहताच तो उठला आणि कमरेत वाकून त्याने रीतसर मुजरा केला. उलट मुजरा न करणे म्हणजे एका पातीने दुसरीचा उपमर्द करणे. पण मी वाकणार कसा? ध्वजस्तंभासारखा ताठ, हात जोडून तसाच निघालो. मागून तो कुणाला तरी म्हणाला, "बघा भिया, राज्य गेलं, पण थोरल्या पातीची मान अजून वाकून नाही राहिली." उत्तर सुचले असूनही मी दिले नाही, असा हा माझ्या आयुष्यातील पहिलाच प्रसंग.

निकाल ऐकायला दोघे गेलो. माझी तपासणी निर्दोष निघाली. दवाखान्यातून मी मल्लासारखा बाहेर पडलो. रस्त्याच्या मध्यावर येईतो ध्यानात आले, की संशयाला आता एकच घर उरले आहे. आणि ते घर माझ्या शेजारून पदर सावरत चालले आहे, माझा आनंद पाहून हसते आहे.

काल तपासणीसाठी आत जाण्याची वेळ तिची होती. गर्भाशयात हवा सोडून आतील नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत ते पाहतात. मी बाहेर बाकावर बसलो. आतून एकदा तिचा आवाज आला आणि मग काहीच आले नाही. भयाला संस्कृतात पर्याय विपुल आहेत, मी ते दरवर्षी मुलांकडून घोकून घेतो. त्या बाकावर एकही उपयोगी पडला नाही. यंत्राचा काटा संदिग्ध राहिला. बाईंनी सांगितले, हवा पार गेली असेल तर आज ना उद्या खांदा दुखेल. दुखला तर शुभ.

टांगा हलताच मी विचारले, दुखतो का. नाही म्हणाली. चौकात विचारले. दारात विचारले. जेवताना मी बोललो नाही, नुसते पाहिले, तर तिने मान हलवली. स्वपत्नीला वेदना व्हावी म्हणून आराधना करणारा पती पुराणांतही विरळाच.

आज सकाळी फडताळावरून डबा काढता काढता ती थांबते. "अहो, उजवा खांदा दुखतोय." मी जागचा उठतो आणि पुन्हा बसतो. टांग्याचे हादरे असतील. की माझी दशा बघवेना म्हणून ती हे बोलते आहे? मी विचारतो, खरेच का. पुन्हा विचारतो. ती डबा खाली ठेवते.

"दुखतोय म्हटलं ना. आता तुम्ही घाबरायचं थांबवा, म्हणजे मलाही जरा घाबरता येईल."

मायना लांब का केला, हे तुम्ही ओळखले असेलच. संतती पितरांकडे मागावी अशी रीत आहे आणि या रीतीची मी आजवर यथेच्छ थट्टा केली आहे. मला भीती वाटते, अण्णा. घरात हे वाक्य म्हणण्याची पाळी आता तिची आहे, म्हणून तुम्हाला लिहिले.

पत्र टपालात टाकण्याचा प्रश्न नाही. घडी करून पगडीच्या उसवलेल्या अस्तरात भरीन म्हणतो, कारण त्या दिवसापासून पगडी सैल होऊन डाव्या कानावर उतरते. काल कोरे कागद कोंबून पाहिले, तरी कलतेच. गावातला एकमेव पगडीबंद इंदूरला गेला आहे. जाताना विचारले, तर म्हणाला, "दसऱ्यानंतर बघू." कोणत्या दसऱ्यानंतर, ते काही त्याने सांगितले नाही.