मी बरी आहे, असं मीच म्हणाले

इंगम, उत्तर क्वीन्सलंड
३ मे

लाडक्या डेल्फीस,
दोन्ही गालांवर पापे.

इकडचं सगळं ठीक आहे. तुझं आणि तुझ्या गुडघ्यांचं कळव. पाऊस एकदाचा आवरला, ऊस डोक्याच्या वर गेला, आणि तू लावून गेलेल्या अंजिराला यंदा पहिल्यांदा फळं धरली. वटवाघळांनी एकही ठेवलं नाही, पण धरली हे तुला सांगायलाच हवं.

अक्षर बघून दचकू नकोस. पेन भिकार आहे. शिवाय मी व्हरांड्यात मांडीवर वही घेऊन बसलेय.

परवा फोनवर रागावलीस ते बरोबरच होतं. सात महिन्यांत माझी एक ओळ नाही, आणि फोनवर बोलायचं काय, तर हवापाणी आणि कोण गेलं. "माझा कंटाळा आला असेल तर तसं सांग," म्हणालीस. वेडी कुठली! सबंध ॲडलेड शहरात तुझ्याइतकी वेडी बाई नसेल. तुझा कंटाळा यायला मला आणखी एक जन्म लागेल.

सप्टेंबरात ट्रकने मागून ठोकलं, हे मी तुला सांगितलं होतं. जरासा धक्का बसला, असं सांगितलं. जरासा नव्हता गं.

हायवेवर उसाच्या आगगाडीचं फाटक आहे ना, लाल दिवे लागतात ते, तिथे मी थांबले होते. गळिताचा हंगाम जोरात होता, डब्यांमागून डबे चालले होते. इंजिनावर आपल्या एत्तोरेचा सिल्व्हिओ होता. त्याला मी खिडकीतून हात केला, त्यानेही केला. आणि मागून तो केळीचा ट्रक आला. थांबलाच नाही. माझी गाडी फरफटत पुढे गेली ती पार डब्यांपाशी. हातभर अंतर राहिलं असेल. मम्माची पुण्याई म्हणायची.

ड्रायव्हर धावत आला. आपल्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा. रस्त्याच्या कडेला बसला आणि रडायलाच लागला. रात्रभर झोप नाही, मालक थांबू देत नाही, डोळा लागला, म्हणाला. आता तू मला ओळखतेस. मी त्याची पाठ थोपटली, चर्चसाठी केलेली बदामाची बिस्किटं त्याला खाऊ घातली, आणि पोलीस आल्यावर तोंड वर करून काय सांगितलं असेल? "मी बरी आहे. त्याला रागावू नका. मीच एकदम ब्रेक दाबला असेल."

मला कुणी विचारलं होतं का? नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढे विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला. आवाज असा गोड, की मला वाटलं जावई म्हणून चालेल. आज कशा आहात, म्हणाला. मी म्हटलं, मजेत. कुठे दुखतं का? छे, वयाप्रमाणे चालायचंच. हे सगळं त्यांनी टेपवर घेतलंय. आता त्यांचं म्हणणं असं, की बाई स्वतःच सांगतात बरी आहे, ब्रेकही त्यांनीच दाबला. तेव्हा ही थोडीशी रक्कम घ्या, सही करा, आणि पुन्हा आमचं दार वाजवू नका.

मी सही करणारच होते. रेन्झोने तो कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि मला गाडीत घालून टाउन्सव्हिलला वकिलाकडे नेलं. पोरगा बापावर गेलाय, ऐकत नाही.

वकील म्हणजे एक तरुण बाई निघाली, ब्रॉनविन नावाची. माझ्या सुनेहून लहान. तिने सगळं नीट समजावलं. आत्ता सही केली तर प्रकरण तिथेच मिटलं, मग पुढे काही निघालं तरी बोलायची सोय नाही. दुसरा रस्ता म्हणजे भरपाईचा अर्ज. तो जूनच्या आत जायला हवा. मग दोन्ही बाजूंनी एकत्र बसायचं, आणि तिथे नाहीच जमलं तर कोर्ट. मी विचारलं, त्या बिचाऱ्या ड्रायव्हरच्या पोटावर पाय येईल का? ती म्हणाली, पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत, ट्रकच्या विम्यातून जातात. आणि मालकाने त्याला झोपू दिलं नसेल तर कायदा मालकालाच धरतो. ब्रेकचं म्हणशील तर सिल्व्हिओ आहेच. माझी गाडी उभी होती, मी हात करत होते, हे त्याने कधीच लिहून दिलंय. गावभर सांगतोयसुद्धा.

म्हणजे माझी एकेक सबब ती काढून घेत होती.

मग तिने विचारलं, तुम्हाला काय काय जमत नाही? मी म्हटलं, सगळं जमतं. तिने अर्ज पुढे केला, पेन दिलं. मी नाव लिहिलं. ती बघत राहिली, आणि म्हणाली, "मिसेस बोर्तोलिन, तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

मी म्हटलं, हो.

डेल्फी, आता तूच सांग, मी डावखुरी कधीपासून झाले?

रेन्झो बाजूलाच बसला होता. तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्या मुलीने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "माझ्यापासून लपवून काय होणार? मी तुमच्याच बाजूची आहे. पण तुम्ही बऱ्या असाल, तर कायदा तुम्हाला काय देणार?"

मला इतकी लाज वाटली! आणि लाज कशाची, तर खोटं पकडलं गेलं याची नाही. दुखतंय हे दिसलं याची. आपण मम्माच्या मुली ना. ती तिकडे इटलीत आपल्या आजीला, नोन्नाला, पत्र लिहायची ते आठवतं? पूर आला, आम्ही बरे आहोत. पप्पांचा पाय कारखान्यात गेला, आम्ही बरे आहोत. नोन्ना गेली तेव्हा तिची समजूत अशी होती, की ऑस्ट्रेलियात कुणाला साधा तापसुद्धा येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच आपलं बाळकडू. माझी तर आता मूठच वळत नाही, तरी झाकतेच आहे.

तर पेन भिकार नाही. पेन चांगलं आहे. हे मी डाव्या हाताने लिहितेय, आणि कालपासून लिहितेय. पहिली चार पानं फाडली. सात महिने पत्र आलं नाही ते यासाठी. नाताळात तुला येऊ नको म्हटलं, रस्त्यावर पाणी आहे म्हटलं, तेही खोटं. पाणी कसलं, घोटासुद्धा बुडला नसता. तू आली असतीस तर पहिल्याच सकाळी तुला कळलं असतं. तू फोन ठेवल्यावर मी सिंकपाशी उभी राहून रडले, आणि मग तुझ्यासाठी आणलेलं टॉवेलांचं पुडकं कपाटात सगळ्यात वर टाकलं, म्हणजे दिसायला नको.

गुरुवारी ब्रॉनविनकडे जाऊन शपथेवर सगळं सांगायचंय. परक्या माणसांपुढे. त्याआधी तुला सांगते, म्हणजे जिभेला सवय होईल.

उजव्या हाताची बोटं बधिर आहेत. मानेतली शीर दबलीय. ब्लाउजची बटणं लागत नाहीत म्हणून मी डोक्यातून घालायचे कपडे घालते आणि लोकांना सांगते, नवी फॅशन. बटाट्याच्या न्योकी वळता येत नाहीत. रविवारी पोरं आली की उकाड्याचं निमित्त सांगून दुकानातलं आणते, आणि ती गपचूप खातात. खातात म्हणजे त्यांनाही कळलंय. केस कापले ते आवडले म्हणून नाही, अंबाडा घालता येत नाही म्हणून. गाडी चालवत नाही. फाटक जवळ आलं की माझे पाय गार पडतात, रेन्झो चालवत असला तरी. आणि झोप? झोपेचं विचारू नकोस.

डॉक्टर म्हणतात, लवकर ऑपरेशन केलं तर हात बराचसा परत येईल. उशीर केला तर आहे असाच राहील. अर्ज मान्य झाला तर ते लवकर होईल, ब्रिस्बेनला. सरकारी रांगेत माझा नंबर कधी लागेल ते देवालाच माहीत. मी इतके दिवस माझा हात पणाला लावला, तो एवढ्यासाठीच, की कुणी मला "अरेरे" म्हणू नये. म्हातारपणी अक्कल येते म्हणतात. कुठे राहिली आहे कोण जाणे.

सिल्व्हिओला मी हात केला ना, तो उजवा. तेव्हा शेवटचा वर गेला. हे मला नेहमी आठवतं.

ब्रॉनविनला आणखी एक कागद हवाय. मी आधी कशी होते, हे मला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणीतरी लिहून द्यायचं. तिने विचारलं, असं कोण आहे? मी म्हटलं, एक बहीण आहे, पण तिला त्रास नको. आता म्हणते, तुलाच त्रास हवा. तू लिही. मी पहाटे उठून उसाला पाणी द्यायचे, डुकराचं मांस हाताने मळायचे, तुझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायचे की तू किंचाळायचीस, सगळं लिही. वेण्यांचं जरूर लिही, सूड उगवायची संधी आहे.

जूनमध्ये डुकराच्या मांसाची सलामी भरायची आहे. मी नुसती खुर्चीत बसून हुकूम सोडणार. हात तुझे. मीठ मात्र माझ्याच अंदाजाने पडेल, ते तुला कधी जमलं नाही. टॉवेलांचं पुडकं रेन्झोकडून खाली काढून घेतलंय.

वर पहिल्या ओळीत लिहिलंय ना, इकडचं सगळं ठीक आहे? सवयीने लिहिलं. ते खोडायला गेले तर कागद फाटेल, डाव्या हाताला अजून अंदाज येत नाही. तूच खोड.

मी बरी नाही, डेल्फी. ये.

तुझीच
नेरीना