आता सगळं मेलबर्नला ठरतं

मॅके, क्वीन्सलंड
रविवार, १२ मे १९०७

प्रिय एनॉकदादा,

तुला माझा आणि ताबिथामावशीचा नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. ट्वीड नदीकडे थंडी लवकर पडते असं म्हणतात, तेव्हा अंगावर नीट घेत जा. केळीच्या मळ्यातलं काम अजून चालू आहे का, की उसावर घेतलं तुला?

माझं मागचं पत्र मिळालं असेल तर हे मॅकेहून आलेलं पाहून तू चक्रावशील. त्याचं सांगते, पण आधी इकडचं ऐक. रताळी चांगली निघाली. कोंबड्या मी मावशीकडे आणल्या आहेत, लाल कोंबडी अजून रोज संध्याकाळी आपल्या घराकडे पळते आणि मला तिच्यामागे जावं लागतं. घर तसंच आहे. छपराचं गवत बाबांनी मार्चमध्ये नवं घातलं होतं. मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणाले, "गळकं घर सोडून जायचं का?"

बाबा गेले. मंगळवारी गेले. प्रकृती ठीक होती.

इथेच राहू द्या म्हणून केलेल्या त्यांच्या अर्जाचं काय झालं ते तुला कुणीच धड कळवलं नसेल. बेटांवरून उसासाठी आणलेल्यांपैकी वीस वर्षं सलग राहिलेल्यांना राहू देणार होते, बाकीच्यांना परत धाडणार होते. बाबांना येऊन वीसच्या वर झाली, पण मध्ये एकदा ते मलाइता बेटावर आजीला बघायला गेले आणि परत आले, तिथे सलगपणा तुटला. परतल्यानंतरची वर्षं मोजली तर थोडक्यात हुकतात. नवरा-बायको वेगवेगळ्या बेटांचे असतील तर त्यांनाही सूट होती. आई अंब्रिम बेटाची. आई असती तर दोघांना कुठल्याच बेटावर टाकता आलं नसतं. मेलेली बायको धरत नाहीत, असं त्या कचेरीतल्या माणसाने सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो. बाबांना बसायला खुर्ची दिली त्याने.

गेल्या वर्षी या सुटीची मुदत संपायच्या आत आपल्या या मानलेल्या मावशीने स्वतःहून विचारलं होतं, "सायलस, माझ्याशी लग्न लाव. मी तान्ना बेटाची, तू मलाइताचा. कागदापुरतं लाव, मला काही तुझी भाकरी भाजायची हौस नाही." बाबा हसत सुटले. म्हणाले, "माझी लिआ वरून बघतेय. तिचा स्वभाव तुला माहीत नाही." तेव्हा आम्हीही हसलो. इतक्या टोकाला जाईल असं कुणाला वाटलं होतं?

मग बाबा मळ्याच्या मालकांकडे, हार्टनेलसाहेबांकडे गेले, मीही बरोबर होते. साहेबांनी व्हरांड्यात चहा दिला, पूर्वी कधी दिला नव्हता. म्हणाले, "सायलस, माझ्या हातात असतं तर तुला मी मरेपर्यंत सोडलं नसतं. पण एक देश झाल्यापासून हे ब्रिस्बेनलाही ठरत नाही. आता सगळं मेलबर्नला ठरतं."

बाबांनी विचारलं, "मेलबर्नमध्ये ऊस होतो का साहेब?"

"नाही."

"मग त्यांना आमचं काय माहीत?"

साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्यांना गोऱ्यांचा देश हवा आहे. सहा वसाहती कशावरच एकमेकींशी जमवून घेत नव्हत्या. जकातीवर भांडल्या, रेल्वेच्या रुंदीवर भांडल्या. या एका गोष्टीवर मात्र लगेच एकमत झालं."

परत येताना मला सहा वसाहतींचा एक देश करायचा का, याचं ते मतदान आठवत होतं. तुलाही आठवत असेल, आपण चिंचेखाली खेळत होतो आणि बाबा साहेबांच्या गाडीला घोडे जुंपत होते. साऱ्या मळ्यांवरच्या गोऱ्या लोकांना त्यांनीच दिवसभर मत द्यायला नेलं-आणलं. घरी आल्यावर तू विचारलंस, एक देश होणार म्हणजे काय होणार? ते म्हणाले, "सहा भाऊ इतके दिवस वेगळे राहिले, आता एक चूल मांडणार. चांगलं आहे. एका चुलीवर जास्त माणसं जेवतात." आणि पुढे देश झाला त्या दिवशी आपल्याला कागदी झेंडे नि गोड पाव मिळाले, उन्हात उभं राहून आपण गाणं म्हटलं. मला भोवळ आली तर बाबांनी खांद्यावर घेतलं आणि तिथूनही मी झेंडा हलवतच होते. त्याच वर्षाच्या शेवटी आपल्याला घालवायचा कायदा झाला. तेव्हा पाव खाल्ला याचा आता राग येतो, पण अकरा वर्षांच्या पोरीने काय करायला हवं होतं?

तू निरोपाला आला नाहीस, त्याबद्दल बाबा काही बोलले नाहीत. काळा माणूस दिसला की पोलीस अडवतात, कागद मागतात, हे त्यांना माहीत होतं. फक्त म्हणाले, "पूर्वी क्वीन्सलंडच्या हद्दीवर जकातीचं फाटक होतं. आता फाटक काढलं म्हणतात. तरी पोराला येता येत नाही." तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता माझं सांगते.

मागच्या पत्रात लिहिलं तसं मी त्यांच्याबरोबर जाणार हे पक्कं होतं. बाबांनी नको म्हटलं नव्हतं. मला दोन झग्यांचं कापड घेऊन दिलं, आपल्या पेटीत कुऱ्हाड, तंबाखू आणि कापडाखाली माझी चादर घातली. मलाइताची बोली शिकवायलाही बसले. पण त्यांनाच शब्द आठवेनात. 'पाऊस'ला काय म्हणतात ते आठवलं, 'थांब'ला काय म्हणतात ते आठवेना. तो सोमवार होता. त्याच संध्याकाळी मिशनमध्ये कुणी तरी बातमी आणली होती की आधीच्या जहाजाने गेलेल्या एकाला किनाऱ्यावर उतरताच मारलं, पेटीसाठी. त्याच्या बायकोचं काय झालं ते सांगणाऱ्याने बाबांना बाजूला नेऊन सांगितलं. हे मला मावशीकडून नंतर कळलं. बाबा मात्र घरी येऊन रताळी भाजत बसले, मला वाटलं दमलेत.

सकाळी धक्क्यावर गर्दी होती. मोठं जहाज किनाऱ्यासमोरच्या बेटापाशी उभं होतं, तिथवर लहान बोटीने न्यायचे. बायका रडत होत्या, काही पुरुष भजन म्हणत होते. एक अधिकारी बोटीवर चढायच्या फळीपाशी उभा राहून नावं विचारत होता. आमची पाळी आली. त्याने बाबांचं नाव घेतलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि ही? मुलगी ना तुझी?"

बाबा म्हणाले, "नाही."

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "बाबा, माझं विचारतायत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या अधिकाऱ्याला म्हणाले, "माझी कुणी नाही ही. शेजारची पोर आहे, निरोप द्यायला आली. इथे जन्मलेली आहे, तिला नेऊ नका." इतक्या थंडपणे बोलले, दादा. कचेरीत अर्जासाठी बोलताना अजीजी करायचे ते, इथे आवाज जरासुद्धा हलला नाही.

मी ओरडले की मी त्यांची मुलगी आहे, कुणालाही विचारा. मावशी तिथेच होती. अधिकाऱ्याने तिला विचारलं. मावशीने एकदा बाबांकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "शेजारची आहे." मग एका शिपायाने मला दंडाला धरून मागे नेलं. बोट निघाली तेव्हा बाबा पाठ करून बसले होते. मी वाट पाहिली, एकदा तरी वळतील म्हणून. नाही वळले.

त्यांनी तसं का केलं ते मला कळतं. मावशी रोज समजावते, मी मान डोलावते. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, आता बोलते. पण ते तिथे कुठे उतरले, कुणी ओळखलं का, शब्द आठवले का, हे आता कधीच कळणार नाही. तिथे पत्र जात नाही. मी विचारलं, पोस्टातला माणूस हसला. तू काही करू शकणार नाहीस आणि मीही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिल्यावाचून राहवलं नाही.

उत्तर पाठवशील तेव्हा वर 'मार्फत ताबिथा' एवढंच घालू नकोस. माझं नाव आडनावासकट लिही.

तुझी धाकटी बहीण,
सायलस फिऊ यांची मुलगी,
डॉर्कस फिऊ