बहिरा एबिसू आणि आमचा बेडूक

५ जानेवारी
टोकियोचा माणूस परत येऊन गेला! मोठी कंपनी, गोड बोलणं. "सदतीस वर्षं स्वतःच्या मालकीची गेम कंपनी टिकवलीत — गुपित काय?" गुपित कसलं डोंबलाचं! ताकोयाकी भाजायचा आमचा एकच खळग्यांचा तवा. त्याच्याभोवती सहा माणसं मावतात, म्हणून सातवा माणूस कधी घेतला नाही. आमच्या बरोबरीच्या कंपन्या वाढल्या, फुगल्या, फुटल्या. आम्ही दर शुक्रवारी दुपारी ऑक्टोपसचे गोळे उलटत बसलो. त्याला हे सांगितलं नाही, हसला असता.

बारा तारखेपर्यंत उत्तर हवंय त्याला. कंपनी विकली तर गेममधला आमचा बेडूक त्यांचा. ओसाकाचं ऑफिस बंद. माणसांना टोकियोत दोन वर्षं नोकरी, नक्की.

६ जानेवारी
उजवा हात फारच थरथरत होता. चहा सांडला. आमच्या त्सुकुदाने पुसून घेतला.

७ जानेवारी
त्सुकुदा आली तेव्हा बावीस वर्षांची होती. पहिल्याच महिन्यात तिने कोडमध्ये बेडकाची उडी नव्याने लिहिली. वर गेल्यावर तो क्षणभर रेंगाळतो ना — ती! मी म्हणालो, "चूक आहे ही." तर म्हणते, "मालक, एवढं वर गेल्यावर बेडकालाही जरा इकडेतिकडे बघावंसं वाटेल की!" तीच उडी लोकांना आवडली. तिच्यावरच आम्ही जगलो.

आता ती त्रेपन्न वर्षांची. आई अंथरुणावर. टोकियोला जाणार कशी? पण मी अडुसष्टचा, मूलबाळ नाही. उद्या मी आडवा झालो तर बाकीच्या पाच कुटुंबांचं काय? विकली तर निदान दोन वर्षं तरी सुटतील.

८ जानेवारी
विकतो. ठरलं. कुणाला सांगितलेलं नाही.

१० जानेवारी
धंद्याच्या देवाची, एबिसूची जत्रा. दरवर्षी गेल्या वर्षीची बांबूची फांदी देवळात परत करतो आणि धंद्यासाठी नवी आणतो. आज नुसती परत करायला गेलो. धंदाच राहणार नाही, तर नवी कशाला!

देव बहिरा. म्हणून पुढून नमस्कार झाला की मागे जाऊन भिंत ठोकायची आणि जे काय असेल ते पुन्हा मोठ्याने सांगायचं. मागे ही गर्दी! आणि गर्दीत ओळखीचा आवाज —

"एबिसूदेवा! मी त्सुकुदा! मालकांना कंपनी विकू दे रे! आमच्यापायी अडलेत ते. हात बघवत नाही त्यांचा. माझं काय, माझं होईल कसंही!"

मी खांबाआड. म्हणजे हिला सगळं कळलेलं होतं! ती वळली, चार पावलं गेली, थांबली. परत आली आणि धाडधाड भिंत ठोकली.

"देवा! ते शेवटचं खोटं होतं!"

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अगं, काय ते एकदा ठरव ना! देवाला बाकीची गिऱ्हाइकं पण आहेत!" सगळे हसले. मला रडूच आलं. विकायचं की नाही, हे मी रोज एकट्यानेच ठरवत बसलो होतो. तुला काय हवंय, असं एकदाही तिला विचारलं नाही. फार वाईट वाटलं.

येताना नवी फांदी घेतली.

११ जानेवारी
फांदी त्सुकुदाच्या टेबलावर ठेवली. म्हणालो, "कंपनी तू चालव. तुझ्या नावावर करून देतो. चालवशील?"

तिने फांदी उचलून घेतली. मग म्हणाली, "आणि तुम्ही?"

"काम असलं तर दे."

"बघते," म्हणाली. डोळे पुसत पुसत, पण म्हणाली! एकतीस वर्षांपूर्वी मुलाखत झाल्यावर मी तिला हेच म्हणालो होतो. लक्षात ठेवलंय बाईने.

टोकियोला नाही म्हणून कळवलं.

१२ जानेवारी
नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचलो. "उशीर झाला," मालकीणबाई म्हणाल्या. माफी मागितली आणि दाराजवळच्या, नव्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसलो.